येतोयभाऊचा नंबर

दोन्ही काठांवरची माणसं त्याला येतोयभाऊ म्हणायची. आईबापांनी त्याला काय म्हणून हाक मारली होती, ते आता त्यालाच आठवून सांगावं लागायचं. तो अलीकडं असला की पलीकडून हाक यायची, पलीकडं असला की अलीकडून. आणि हा कुठंही असो, हातात दोर असो की तोंडात घास, पाण्यावरून एकच शब्द सोडायचा, "येतोय." मग पोचायला कितीही वेळ लागला तरी लोक काठावर बूड टेकून बसायचे. येतोय म्हणाला म्हणजे येणार, एवढी त्याची पत होती.

होडी सपाट तळाची, रुंद, दोन म्हशी आणि त्यांचा मालक आरामात मावतील अशी. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला. तो धरून, ओढत ओढत होडी न्यायची. एकानं दोर ओढायचा, दुसऱ्यानं पाणी उपसायचं आणि माणसं सांभाळायची, असं दोघांचं काम. पूर्वी धाकटा भाऊ जोडीला होता. तो शहरात गाडी चालवायला गेला आणि त्याच्या जागी येतोयभाऊची बायको उभी राहिली. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी तिनं एका हसणाऱ्याच्या हातात उपसायचा डबा दिला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत परत घेतला नाही. त्यानंतर कुणाला हसू आलं नाही.

माणसं बसवायची त्याची एक रीत होती, बापाकडून आलेली. लांब जायचंय ते आधी. लेकरंवाल्या बायका आणि आजारी मधे. ओझी तळाला. हमरीतुमरीवर येणारे दोघं असतील तर एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि होडीवाला सगळ्यांच्या शेवटी. चढताना शेवटी, उतरतानाही शेवटी.

"जेवायलासुद्धा शेवटी बसता," बायको म्हणायची. "उद्या देवानं स्वर्गाचं दार उघडलं तर तिथंही बाजूला उभे राहून लोकांना आत सोडत बसाल. आणि दार लागेल."

"लागलं तर लागलं. तू आत असशील ना, उघडशील."

"मी कशाला उघडू, निवांत झोपेन."

असं त्यांचं चालायचं.

आता होडीचं सांगायचं, तर ती म्हातारी झाली होती. तळाच्या फळ्या कुजून मऊ पडलेल्या. कुठं पत्रा ठोकलेला, कुठं काथ्या कोंबून वर डांबर फासलेलं. सकाळी पहिली खेप करायच्या आधी बायको गुडघाभर पाणी उपसून काढायची. उन्हाळ्यात नदी शांत असते म्हणून निभावत होतं. येत्या पावसाळ्यात पाणी चढलं की ही होडी टिकायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हते.

नवी होडी करायची तर तिचाही एक शिरस्ता होता. तळाचं झाड अलीकडच्या काठानं द्यायचं, बाजूंचं पलीकडच्या काठानं. तळाचं लाकूड चांगलं वाळलेलं लागतं, म्हणून अलीकडचं झाड आधीच पाडून ठेवायचं. बाजू वाकवाव्या लागतात, त्याला ओलं लाकूड बरं, म्हणून पलीकडचं झाड काम सुरू करायच्या दिवशी पाडायचं. अलीकडच्यांनी आपलं झाड कधीच दिलं होतं. ते झोपडीमागं गवताखाली पडून होतं. टोकं तडकू नयेत म्हणून काकानं त्यांना डांबर लावलं होतं.

हा काका म्हणजे येतोयभाऊच्या बापाचा धाकटा भाऊ, सुतार, होड्या बांधणारा. बायकापोरं नाहीत, याच घरात राहायचा. आत्ताची होडी त्यानंच बांधलेली. तशी होडी बांधणारा दुसरा हात आता दोन्ही काठांवर नव्हता, आणि काकाचेही हात आता आखडत चालले होते. सकाळी उठल्यावर बोटं उघडायचीच नाहीत. तो ती चहाच्या कपाभोवती धरून बसायचा, मग हळूहळू एकेक सुटायचं.

एवढं सगळं तयार असताना होडी अडली कुठं, तर पुलावर.

मागं एकदा सडक खात्याची गाडी आली होती. माणसांनी दुर्बिणीतून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, दोन्ही काठांवर लाल रंग दिलेले खुंट ठोकले, चहा घेतला आणि गेले ते गेलेच. पूल होणार, असं लोकांनी त्यावरून धरलं. पलीकडचं झाड ज्यांच्या जमिनीत होतं ते आप्पा, पलीकडच्या गावातले जाणते, त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"येतोय, माझं ना नाही. पण हे झाड माझ्या आजोबांनी लावलंय. होडीची वाट बघणारी सगळी माणसं याच्याच सावलीत बसतात. पूल होणार असेल तर ते उगाच कशाला पाडायचं? तू विचारून ये. पूल नाही म्हणाले तर त्याच दिवशी करवत लाव."

यात चुकीचं काय होतं? काही नाही. येतोयभाऊला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पूल झाला तर त्याचं पोट जाणार, हे खरं. पण गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला त्यानं जीव मुठीत धरून पलीकडं नेलं होतं, तेव्हा त्यानंच मनात म्हटलं होतं, इथं पूल असता तर बरं झालं असतं. त्याला पूल नको नव्हता. त्याला फक्त कळायला हवं होतं.

रोज होडीनं शाळेत जाणाऱ्या शिक्षिकाबाईंनी त्याला अर्ज लिहून दिला. प्रश्न एका ओळीचा, या ठिकाणी पूल होणार आहे का आणि कधी. सडक खात्यानं उत्तर दिलं नाही. मग त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडं अपील. तिथूनही काही नाही. मग बाईंनी मोठं अपील केलं, माहितीच्या मोठ्या कार्यालयात. माहिती न देणाऱ्यांना जाब विचारायला सरकारनंच बसवलेलं कार्यालय ते. पण तिथं जाब विचारणारा साहेबच नव्हता. एक निवृत्त झाला होता, दुसरा नेमायचा राहिला होता. आपलं अपील रांगेत आहे, एवढंच कळलं.

रांग म्हटल्यावर येतोयभाऊ निवांत झाला. रांग त्याला समजत होती. पण एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, अलीकडच्या झाडावरचं गवत दोनदा बदललं. बायकोनं लाल खुंटाला शेळी बांधायला सुरुवात केली.

"सरकारी आहे तो," येतोयभाऊ म्हणाला.

"शेळी कुठं नेणार आहे त्याला?"

आणि या उन्हाळ्यात एका सकाळी, जुन्या होडीची एक फळी नीट करताना, काकाच्या हातून लाकूड तासायची वाकस सुटली. हाताच्या बोटांनी तिला धरलंच नाही. ती पायाच्या अंगठ्याशेजारी मातीत रुतली. काकानं तिच्याकडं पाहिलं, मग हाताकडं. बायको धावत आली. पाय बघितला, काही झालं नव्हतं. तिनं वाकस उचलून त्याच्या हातात परत दिली नाही, स्वतःच्या कमरेला खोचली.

"दे इकडं," काका म्हणाला.

"चहा घ्या आधी."

"चहा नको. ऐक, येतोय." घरातही तो पुतण्याला याच नावानं हाक मारायचा. "या उन्हाळ्यात बांधली तर बांधली. पुढच्या उन्हाळ्यात मी खाली बसून सांगू शकेन, हात चालवणार नाहीत. आणि होडी सांगून होत नाही."

येतोयभाऊनं मान हलवली. पलीकडून हाक आली. तो उठला. "येतोय," म्हणाला, पण आवाज रोजच्यासारखा लांब गेला नाही.

मग तारीख आली. टपालवाला पलीकडून होडीत बसला तो हातात लिफाफा घेऊनच, आणि मधल्या धारेत त्यानं तो दिला. बायकोनं उपसायचा डबा खाली ठेवला. शिक्षिकाबाई होडीतच होत्या, त्यांनी वाचलं. सुनावणी लागली होती. दुसऱ्या शहरातल्या साहेबाकडं इथला जादा कारभार दिला होता. तो तिकडूनच पडद्यावर बसून ऐकणार होता.

"पडद्यावर म्हणजे?" येतोयभाऊनं विचारलं.

"तो तिथं, तुम्ही इथं. मधे पडदा. तो दिसतो, बोलतो."

"म्हणजे पलीकडच्या काठावरून," बायको म्हणाली. तिला लगेच कळलं.

सुनावणीच्या दिवशी दोर तिनं हातात घेतला आणि काकाला उपसायला बसवलं. येतोयभाऊ धुतलेला सदरा घालून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या होडीत पाहुण्यासारखा बसला, आणि तरी दोनदा उठला. तिनं डोळ्यांनीच त्याला परत बसवलं.

"काय विचारायचं, पाठ आहे ना?" तिनं उतरताना विचारलं.

"एकच तर प्रश्न आहे."

"आणि डबा खा. लोकांना वाटत बसू नका."

शहरात ते कार्यालय एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. लांब व्हरांडा, ओळीनं खोल्या. दारांवर पाट्या लावायचे खिळे होते, पाट्या नव्हत्या. एका खोलीत टेबलांवर टेबलं चढवून ठेवलेली. दुसरीत ओळीनं संगणक, सगळ्यांवर फडकी टाकलेली. मोठ्या साहेबाच्या खोलीत उंच पाठीची खुर्ची, तिला प्लास्टिकचं आवरण अजून तसंच. फक्त टोकाच्या दालनात दिवा चालू होता आणि तिथं एक बाई होत्या. कारकूनबाई. केस पांढरे, चष्मा दोरीला अडकवलेला, आणि त्या एकट्याच.

त्याच बाहेर येऊन नंबर पुकारायच्या. त्याच मागच्या खोलीत जाऊन गठ्ठा शोधायच्या. त्याच पडद्याची वायर हलवून साहेबाचं तोंड परत आणायच्या. मधेच फोन वाजला की तोही त्याच घ्यायच्या. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. एक म्हातारी, तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचे कागद दवाखाना देत नव्हता. एक तरुण, नोकरीच्या परीक्षेत आपण कुठं चुकलो ते त्याला बघायचं होतं. एक गृहस्थ रस्त्यावरच्या दिव्यांविषयी इतकी वर्षं विचारत होते की बाकीचे त्यांना वकीलसाहेब म्हणत, आणि ते चिडत नसत. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई भिंतीला टेकून उभी होती.

कारकूनबाईंनी नंबर पुकारला. ज्याचा होता तो नळावर गेलेला. दुसरा पुकारला. दोघं एकदम उठले आणि दारात अडकले. कुणी म्हणालं, आम्ही पहाटे निघालोय. कुणी म्हणालं, आम्ही काय मजेला आलोय? वकीलसाहेब कलम सांगू लागले. कारकूनबाई गठ्ठा छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या. येतोयभाऊनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. दोन्ही काठांवरून एकदम हाका येतात आणि माणूस एकच असतो, तेव्हा त्याच्या बायकोचा असाच चेहरा होतो.

तो उठला. त्याला उठायचं नव्हतं, पण पाय उठले.

"असं करू," तो म्हणाला, आणि पाण्यावरून जाणारा त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "लांब जायचंय ते आधी. ताई, तुम्ही लेकराला घेऊन मधे बसा. आजी, तुम्ही दाराजवळ. वकीलसाहेब, तुम्ही या टोकाला. आणि तुम्ही, हो, मघापासून भांडताय ते, त्या टोकाला. गठ्ठे खाली ठेवा, मांडीवर नको."

आणि गंमत अशी की लोक बसले. आपल्याला कुणीतरी बसवतंय म्हटलं की माणसं बसतात. कारकूनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मागच्या खोलीतून तेवढा निळा गठ्ठा आणता?"

मग दिवसभर त्याची होडी चालली. आतून एक बाहेर, बाहेरून एक आत. तो गठ्ठे आणत होता, पोचवत होता, म्हातारीला हाताला धरून नेत होता. म्हातारी आत काय बोलली ते कळलं नाही, पण बाहेर आली तेव्हा डोळे पुसत हसत होती. पडद्यावरच्या साहेबानं दवाखान्याला फोनवरच खडसावलं म्हणे. परीक्षेचा तरुण उड्या मारत जिना उतरला. येतोयभाऊला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. डबा त्यानं लेकरूवाल्या बाईबरोबर खाल्ला.

मधे केव्हातरी कारकूनबाईंनी त्याचाच नंबर पुकारला.

"माझा राहू द्या," तो म्हणाला. हातात कुणाचा तरी गठ्ठा होता. "मी शेवटी."

"अहो, पण..."

"होडीवाला शेवटी बसतो, बाई. यांना लांब जायचंय."

कारकूनबाई इतक्या दमल्या होत्या की वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी पुढचा नंबर पुकारला. वकीलसाहेब आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ते आले तेव्हा बाक रिकामे झाले होते. येतोयभाऊनं सदरा झटकला, केसांवरून ओला हात फिरवला आणि आत गेला. पडदा काळा होता.

"साहेबांची वेळ संपली," कारकूनबाई म्हणाल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला. "अहो, तुमचं राहिलं."

"उद्या?"

"उद्या ते दुसऱ्या शहराचं ऐकतात. आणि हा कारभार त्यांच्याकडं महिनाअखेरपर्यंतच आहे. पुढं कोण, ते अजून ठरलं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. "मी तुम्हाला जबरदस्तीनं आत घालायला हवं होतं. माझंच चुकलं."

"तुमचं नाही," तो म्हणाला. आणि मग त्याला काकाची बोटं आठवली. कपाभोवती धरलेली, एकेक करून सुटणारी. दोन उन्हाळे वाट बघून दारापर्यंत आला होता आणि दारातच लोकांना वाट देत उभा राहिला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. घरी जाऊन काय सांगायचं? मी शेवटी बसलो आणि दार लागलं?

"तुम्हीच का ते होडीवाले?"

मागच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. वयानं त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या, मांडीवर हेल्मेट. सकाळपासून होत्या. त्यानं त्यांना दोनदा सरकून बसायला सांगितलं होतं.

"मी सडक खात्याची अभियंता. तुमच्या अपिलात जाब मलाच द्यायचा होता. तुमचा नंबर पुकारला तेव्हा मी उठले, तर तुम्ही राहू द्या म्हणालात. मला वाटलं, तुम्ही अपील सोडलं, पण तसं लेखी झाल्याशिवाय मला जाता येईना." त्या जरा हसल्या. "मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

कारकूनबाईंनी तिघांचा चहा केला. कोपऱ्यातल्या शेगडीवर, तेही त्यांनीच.

"बाई," येतोयभाऊनं कप हातात फिरवत विचारलं, "पडदा नाही तर नाही. तुम्ही समोर आहात. पूल होणार आहे का?"

अभियंताबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "मला माहीत नाही."

"म्हणजे सांगता येत नाही?"

"नाही हो. माहीतच नाही. ज्यांनी खुंट ठोकले ते निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही. माझ्याकडं माझं काम आहे, त्यांचं आहे आणि शेजारच्या भागाचंही आहे. तुमचा अर्ज आला तेव्हा मी वर विचारलं. वरून उत्तर नाही. परत विचारलं. तिथंही कुणी नाही. पूल होईलही, नाहीही. खरंच कुणालाच माहीत नाही."

"मग एवढंच कळवायचं होतं."

"माहीत नाही असं लिहून पाठवायची आमच्याकडं पद्धत नाही," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी मान खाली घातली.

येतोयभाऊला राग आला. खरोखरचा, कानशिलं तापवणारा. दोन उन्हाळे! झाड गवताखाली, म्हाताऱ्याचे हात आखडताहेत, बायको गुडघाभर पाणी उपसतेय, आणि ज्यांच्या तोंडाकडं बघत बसलो त्यांनाच माहीत नाही. तो काहीतरी बोलणार होता. पण समोर दोन दमलेल्या बायका चहा पीत होत्या, एकीच्या पायांवर सूज आली होती, आणि बाहेर फडकी टाकलेल्या संगणकांची रांग होती. त्यानं कप खाली ठेवला.

"पलीकडून हाका मारतात ना लोक," तो म्हणाला, "तेव्हा मी मधल्या धारेत असलो, होडीत पाणी आलेलं असलं, तरी आधी येतोय म्हणतो. आणि येता येणार नसेल तर येत नाही म्हणून ओरडतो. मग माणूस घरी तरी जातो, किंवा वरच्या उथळातून चालत जातो. उत्तर द्यावं, बाई. कसलंही द्यावं."

जाताना अभियंताबाईंनी त्याला स्कूटरवर मागं बसवून गाडी सुटायच्या आत स्थानकावर पोचवलं.

दिवस मावळायच्या सुमाराला तो पलीकडच्या काठावर उतरला. झाडाखाली आप्पा बसले होते. होडी अलीकडं होती.

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"माहीत नाही म्हणाले."

"कुणाला?"

"कुणालाच. वरपासून खालपर्यंत. सडक खात्याच्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

आप्पा विचारात पडले. त्यांनी मान वर करून झाडाकडं पाहिलं, बुंध्यावरून हात फिरवला.

"ज्यांना होईल की नाही हेच माहीत नाही, ते बांधणार कधी?" ते म्हणाले. "माझ्या हयातीत तरी नाही. आज सकाळी तुझी बायको आणि काका माझ्या सुनेला न्यायला आले. मधल्या धारेत काका उपसता उपसता थांबला. हातातून डबाच निसटला म्हणे. सुनेनं ओंजळीनं पाणी काढलं." त्यांनी झाडावरचा हात काढून घेतला. "उद्या करवत घेऊन ये. सावलीला आपण छप्पर घालू."

येतोयभाऊ पाण्याकडं वळला. आता हाक मारायची, तर काय मारायची? या काठावरून त्यानं जन्मात हाक मारली नव्हती. उत्तरच देत आला होता. शेवटी तो नुसताच ओरडला, "अगं ए."

पलीकडून जरा वेळानं आवाज आला. "येतेय. दम धरा."

वाट बघणं एवढं लांब असतं हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. होडी आली. काका तळाशी बसला होता, डबा मनगटाला फडक्यानं बांधलेला. बायकोनं दोर धरून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि एका नजरेत तिला समजलं.

"तुम्ही सगळ्यांना आधी बसवलंत ना?" ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. तिला आधी रडू आलं आणि मग इतकं हसू आलं की दोर हातातून सुटतोय की काय असं झालं. मधल्या धारेपर्यंत ती हसत होती. तिथं त्यानं काकाला सगळं सांगितलं, साहेबांचं, बाईंचं, आप्पांचं.

काका ऐकत होता. "म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"नाही."

"मग माझ्या हातांचं तरी मला कुठं माहीत आहे?" तो म्हणाला. "उद्या करवत लाव."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहाटे बायको काकाची बोटं कोमट पाण्यात धरायची, मग वाकस त्याच्या हाताला फडक्यानं बांधून द्यायची. बारीक तासकाम तो करायचा. मोठी करवत येतोयभाऊ आणि आप्पांचा मुलगा ओढायचे. दोन्ही काठांवरून माणसं आळीपाळीनं होडी चालवायला आली, म्हणजे घरच्यांना काम करता यावं. शिक्षिकाबाईंनी काथ्या वळला आणि तो इतका वाईट वळला की काकानं तो गुपचूप उकलून परत वळला. ओल्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या. सांधे भरले, डांबर चढलं. शेवटचा खिळा ठोकायला काकाचं बोट सरळ होईना, तर त्यानं खिळा दातात धरला, तिथून दोन मनगटांत घेतला आणि पुतण्याला म्हणाला, "मार. मला लागणार नाही." लागलं थोडं.

पाणी चढायच्या आत नवी होडी नदीत उतरली. आत एक थेंब नव्हता. बायको उपसायचा डबा घेऊन बसली होती, करायला काही नाही म्हणून तिला कसंतरी वाटत होतं. काका मधोमध, बाळंतिणीच्या जागेवर बसला. त्यानंतर त्यानं वाकस उचलली नाही. रोज एक फेरी मात्र करायचा, होडी कशी चाललीय ते बघायला.

पावसाळा सरत आला असताना टपालवाला पलीकडून चढला, हातात लिफाफा. शिक्षिकाबाईंनी वाचला. नवा साहेब नेमला होता. येतोयभाऊच्या अपिलाला तारीख मिळाली होती, आणि खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, या वेळी मी तुम्हाला सगळ्यांच्या आधी पुकारणार आहे.

"आता काय करायचंय जाऊन?" टपालवाला म्हणाला. "होडी तर झाली."

येतोयभाऊनं दोर ओढता ओढता बायकोकडं पाहिलं. काठावर लाल खुंट होता, शेळी होती. नदी भरून वाहत होती. वर पूल असता तर बरं झालं असतं, असं त्याला अजूनही वाटत होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "विचारलंय तर ऐकून या. होडी मी आणि सगळे बघतो." मग तिनं दोर त्याच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला. "पण पुकारलं की आधी आत जा. मी इथं दार उघडून बसलेली नाही."